काचेच्या बाटलीतली द्राक्षवेल आणि संजीवकाची मात्रा

द्राक्षपट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत जीए, सिक्स बीए, सीपीपीयू, आयबीए ही नावे खतांच्या नावांइतकीच रुळलेली आहेत. मणी लांबावा म्हणून जीए, फुगावा म्हणून सीपीपीयू, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड पक्का व्हावा म्हणून सिक्स बीए आणि खुंटाच्या काडीला मुळ्या फुटाव्यात म्हणून आयबीए. कोणते संजीवक किती पीपीएम, छाटणीनंतर कितव्या दिवशी, फवारून द्यायचे की घड बुडवून, यावर तासगाव, निफाड, नारायणगावचा बागायतदार तासन्‌तास बोलू शकतो. ऊतीसंवर्धनाच्या, म्हणजे टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत गेले, तर तिथल्या फ्रीजमध्ये ‘बीएपी’ असे लिहिलेली छोटी बाटली दिसते. तिच्यात असते ते सिक्स बीएच. रेणू तोच, गुणही तोच.

म्हणून द्राक्षाचे टिश्यू कल्चर समजून घ्यायला द्राक्ष बागायतदाराइतका तयार वाचक दुसरा नाही, असे मला वाटते. बागेत घडावर काम करणारे संजीवकच बाटलीत एका डोळ्यापासून फुटव्यांचा झुबका उभा करते. फरक पडतो तो तीन गोष्टींचा: मात्रा किती, सोबतच्या दुसऱ्या संजीवकाशी प्रमाण काय, आणि ते कोणत्या पेशींच्या वाट्याला येते. त्यातही द्राक्षाच्या बाबतीत संजीवक कमीत कमी वापरून काम निभावण्यालाच खरे कौशल्य लागते.

द्राक्षाची बाग बियांपासून लावत नाहीत. बी रुजवले तर वेल येते, पण ती आईसारखी नसते. गोडी, रंग, मण्याचा आकार, सगळे बदलते. थॉम्पसन सीडलेसमध्ये तर धड बीच तयार होत नाही. त्यामुळे काडीपासून काडी, डोळ्यापासून डोळा अशीच ही जात शतकानुशतके पुढे आली. आपल्याकडच्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जाती थॉम्पसनच्याच वेलीवर एखाद्या फांदीत आपोआप झालेल्या बदलांतून निघाल्या. असा बदल शेतकऱ्याच्या नजरेने हेरला आणि त्या काडीवरून जात वाढवली. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि काळ्या मण्यांची शरद सीडलेस याच पद्धतीने पुढे आणल्या. आज हजारो एकरांवर पसरलेली सोनाकाची बाग म्हणजे खरे तर त्या एकाच फांदीचा विस्तार आहे.

या पद्धतीचा फायदा उघड आहे: आवडलेली वेल जशीच्या तशी मिळते. तोटा मात्र लवकर ध्यानात येत नाही. काडीबरोबर जातीचे गुण येतात, तसे तिच्या अंगातले विषाणूही येतात. पान वळवणारा लीफरोल, पानाचा पंखा करणारा फॅनलीफ हे विषाणू रसवाहिन्यांमधून वेलीभर पसरतात. त्यांच्यावर फवारायला कोणतेही औषध नाही. फॅनलीफ जमिनीतल्या सूत्रकृमींमधून आणि लीफरोल पिठ्या ढेकणांमधून एका वेलीवरून दुसरीवर जातो, पण लांबचा प्रवास दोघेही करतात तो काडीतून, माणसाच्या हातून. वेल मरत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही. फक्त साखर भरायला उशीर होतो, रंग फिका राहतो, उतारा घटतो आणि बागायतदार खत बदलत बसतो.

एका पेशीपासून पूर्ण वनस्पती वाढवता यावी, ही कल्पना ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांड यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यांनी पानांतल्या पेशी सुट्या करून साखरेच्या द्रावणात ठेवल्या. पेशी कित्येक दिवस जगल्या, फुगल्याही, पण एकीचेही विभाजन झाले नाही. विभाजनाचा निरोप पेशीपर्यंत नेणारे रसायन तेव्हा कुणाला माहीतच नव्हते.

त्यातले पहिले रसायन सापडले ते कोंबाच्या टोकात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवून दिले होते, की गवताचा कोंब उजेडाकडे वळतो तो खालच्या भागातून, पण उजेड ओळखतो तो शेंड्यात. म्हणजे शेंड्यातून काहीतरी खाली जात असले पाहिजे. ते ‘काहीतरी’ हॉलंडमधल्या उट्रेक्टच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२६ मध्ये पकडले. ओटच्या कोंबाचे कापलेले शेंडे त्यांनी अगरच्या तुकड्यावर ठेवले आणि मग तो तुकडाच शेंडा छाटलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवला. कोंब वाकला. शेंड्यातला पदार्थ अगरमध्ये उतरला होता. त्याला ऑक्सिन म्हणतात. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या काही ऑक्सिनांनी काडीला मुळ्या फुटतात हे दाखवले. आपल्या रोपवाटिकांतले आयबीए त्यांतलेच.

ऑक्सिन काडीत एकाच दिशेने वाहते, शेंड्याकडून बुडाकडे. काडी उलटी रोवली तरी मुळ्या तिच्या मूळच्या बुडाकडेच येऊ पाहतात, त्याचे कारण हे. कापलेल्या बुडाशी ऑक्सिन साचते आणि तिथल्या पेशी मुळांच्या वाटेला लागतात. डॉगरिज हा खुंट क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो, म्हणून आपल्याकडे लोकप्रिय झाला. पण त्याच्या काडीला मुळ्या सहजी फुटत नाहीत. म्हणून रोपवाटिकेत काडीचे बूड हजार-दोन हजार पीपीएम आयबीएच्या द्रावणात क्षणभर बुडवतात. बाटलीतल्या माध्यमात, म्हणजे ऊती ज्यावर वाढवतात त्या पोषक मिश्रणात, हेच आयबीए लिटरला एखादा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी टाकतात, म्हणजे एक पीपीएमच्या आसपास. हजारपट फरक ऐकून दचकायला होते. पण काडी द्रावणात काही सेकंदच असते आणि तिच्या सालीतून आत थोडेच शिरते. बाटलीतला कोवळा फुटवा त्या माध्यमात आठवडेच्या आठवडे उभा असतो.

ऑक्सिन हाती आल्यावर १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर आणि अमेरिकेत व्हाइट यांनी वनस्पतींच्या ऊती बाटलीत अखंड वाढवून दाखवल्या. या कहाणीत द्राक्ष फार लवकर येते, हे सहसा कुणी सांगत नाही. गोत्रे यांच्या परंपरेतले जॉर्ज मोरेल यांनी १९४४ मध्ये द्राक्षाच्या ऊती काचेत वाढवल्या आणि त्यांच्यावर केवड्याची, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूची बुरशीही वाढवली. केवडा फक्त जिवंत द्राक्षपेशींवरच जगतो, नुसत्या माध्यमावर वाढत नाही. त्याचा अभ्यास करायचा तर आधी द्राक्षपेशी जगवायला हव्यात, म्हणून हा खटाटोप. द्राक्षाचे टिश्यू कल्चर सुरू झाले ते रोपे विकण्यासाठी नव्हे, रोग समजून घेण्यासाठी.

पण नुसत्या ऑक्सिनवर पेशींचा गोळाच वाढत असे. त्याला कॅलस म्हणतात. त्यातून मनाजोगा कोंब काढण्याची किल्ली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सापडली. फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांना तंबाखूच्या गाभ्यातल्या पेशींचे विभाजन घडवणारा पदार्थ हवा होता. तो १९५५ मध्ये हेरिंग माशाच्या शुक्रपेशींच्या डीएनएमध्ये मिळाला, तोही ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने विघटन झालेल्या डीएनएत. त्याचे नाव कायनेटिन. या गटाला सायटोकायनिन म्हणतात आणि सिक्स बीए त्याच गटातले. शहाळ्याच्या पाण्यातही ही रसायने असतात. म्हणूनच पुष्कळ जुन्या प्रयोगांत नारळपाणी वापरलेले दिसते.

१९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी जे छापले त्यावर आजच्या सगळ्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभ्या आहेत. माध्यमात सायटोकायनिन जास्त आणि ऑक्सिन कमी ठेवले, तर तंबाखूच्या गोळ्यातून कोंब निघाले. उलट केले तर मुळ्या निघाल्या. दोन्ही समतोल ठेवली तर गोळा नुसता वाढत राहिला. म्हणजे कोंबाचे वेगळे आणि मुळीचे वेगळे असे संजीवक नाहीच. दोनच पदार्थ, आणि अवयव ठरतो तो त्यांच्या परस्पर प्रमाणावर. १९६२ मध्ये स्कूग यांचे विद्यार्थी तोशियो मुराशिगे यांनी क्षारांचे नेमके प्रमाण बसवून जे माध्यम तयार केले, ते ‘एमएस’ या नावाने आजही जगभर वापरतात.

बागेतल्या वेलीत हे प्रमाण आपोआप राखले जाते. ऑक्सिन मुख्यतः शेंड्यात आणि कोवळ्या पानांत बनते आणि खाली येते. सायटोकायनिन मोठ्या प्रमाणात मुळ्यांत बनते आणि रसाबरोबर वर चढते. छाटणीनंतर काडीच्या टोकातून जे पाणी ठिबकते, त्यात सायटोकायनिन असते. ऑस्ट्रेलियातल्या स्कीन यांनी १९६७ च्या सुमारास द्राक्षाच्या मुळांतून येणाऱ्या रसात ते मोजले होते. बाटलीत ठेवलेल्या पेराच्या तुकड्याला ना शेंडा असतो ना मुळी. दोन्ही टोकांकडून येणारे निरोप बंद झालेले असतात, आणि म्हणूनच ते माध्यमातून पुरवावे लागतात.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते कोवळ्या, हिरव्या फुटीपासून. एक डोळा असलेली पेरे कापून वाहत्या पाण्यात धुतात, मग साबणाच्या, बुरशीनाशकाच्या आणि शेवटी सोडियम हायपोक्लोराइटच्या किंवा अत्यंत विरळ मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणातून काढून निर्जंतुक पाण्याने अनेकदा खंगाळतात. द्राक्षाची पहिली अडचण इथेच उभी राहते. कापलेल्या जागेतून टॅनिनसारखी फिनॉल द्रव्ये पाझरतात, हवेत काळवंडतात आणि त्यांच्यामुळे तुकडाच मरू लागतो. उपाय साधे आहेत: कोवळी फूट निवडायची, माध्यमात क जीवनसत्त्व किंवा कोळशाची बारीक पूड घालायची, आणि सुरुवातीला तुकडे भराभर नव्या माध्यमात हलवायचे. बागेत वाढलेल्या जुन्या वेलींमध्ये आतून राहणारे जिवाणूही असतात. ते कधी कधी महिनाभर लपून मग दुधाळ डागासारखे वर येतात. म्हणून अनुभवी माणसे बागेतून थेट काडी आणत नाहीत. कुंडीतल्या वेलीला पॉलिहाऊसमध्ये फूट काढतात आणि ती घेतात.

माध्यमात एमएसचे क्षार, लिटरला ३० ग्रॅम साखर, घट्ट होण्यापुरते अगर, आणि सामू ५.७ ते ५.८. हे सगळे १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह करतात. मग येते बीएपी, साधारण लिटरला एक ते दोन मिलिग्रॅम. सोबत ऑक्सिन घातलेच तर त्याच्या शंभराव्या ते दहाव्या हिश्शाने. २५ अंशांच्या खोलीत, १६ तास उजेडात, पेराच्या काखेतला डोळा फुटतो. पण तो एक कोंब काढून थांबत नाही. त्या कोंबाच्या काखेतले डोळे, मग त्यांच्या काखेतले डोळे, असे एकामागून एक जागे होत जातात.

बागेत शेंडा मारला की बगलफुटी जोर करतात, तीच ही गोष्ट. शेंड्यातून उतरणारे ऑक्सिन काखेतल्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की तो दाब जातो. बाटलीत शेंडा मोडावा लागत नाही. बाहेरून मिळालेले सायटोकायनिन त्या दाबावर मात करते. चार-पाच आठवड्यांनी झुबक्यातले फुटवे वेगळे करून पुन्हा नव्या माध्यमात ठेवले, म्हणजे सबकल्चर केले, की प्रत्येकाचा नवा झुबका. ऑस्ट्रेलियातच बार्लास आणि स्कीन यांनी १९७८ मध्ये यापुढची पायरी गाठली. त्यांनी शेंड्याचे अगदी बारीक टोक कापून त्याचेही तुकडे केले आणि बीएच्या माध्यमात त्या तुकड्यांपासून कोंबांचे पुंजके मिळवले. एका शेंड्यापासून काही महिन्यांत हजारो रोपे मिळू शकतात हे त्यातून दिसले.

आकडा मोठा होत गेला की हात सैल होतो, आणि नेमका तिथेच घोळ होतो. बीएपी वाढवत नेले तर फुटवे वाढतात, पण काही मर्यादेपर्यंतच. पुढे ते आखूड, गुच्छासारखे, जाड बुडाचे निघतात. पाने ठिसूळ आणि काचेसारखी पारदर्शक, पाण्याने तट्ट भरलेली दिसू लागतात. असे फुटवे मुळ्या धरत नाहीत आणि बाहेर काढल्यावर जगत नाहीत. थायडायझुरॉन हे दुसरे सायटोकायनिन मूळचे कापसाची पाने गाळण्यासाठी बनवलेले. ते याहून तीव्र आहे आणि द्राक्षात चपटे, एकमेकांना चिकटलेले कोंब हटकून देते. बागेत सीपीपीयूची मात्रा जास्त झाली की मणी जाड सालीचा होतो, रंग आणि गोडी उशिरा भरते. रेणूंचा गट एकच, आणि अतिरेकाचा परिणामही त्याच वळणाचा: पेशी फुगतात, पण परिपक्व होत नाहीत.

मुळ्या काढायच्या वेळी तर सायटोकायनिन अंगात शिल्लक असणेही अडचणीचे ठरते. म्हणून फुटवे आधी काही काळ संजीवकाशिवायच्या माध्यमावर ठेवतात, आणि मग क्षार निम्मे केलेल्या माध्यमात आयबीए किंवा एनएए हे ऑक्सिन अगदी थोडे देतात. द्राक्षाच्या अनेक जाती ऑक्सिन न देताही मुळ्या काढतात, कारण निरोगी फुटव्याचा शेंडा स्वतःचे ऑक्सिन बनवायला लागलेला असतो. पुष्कळ प्रयोगशाळा तरीही सवयीने ऑक्सिन टाकतात आणि बुडाशी कॅलसची गाठ आणतात. त्या गाठीतून निघालेल्या मुळ्यांचा खोडातल्या रसवाहिन्यांशी सांधा नीट जुळत नाही, आणि असे रोप मातीत गेल्यावर तहानेने सुकते. तो खर्च टळला असता, असे अशा वेळी मनापासून वाटते.

बाटलीतून मातीत जाणे ही रोपाची सर्वांत अवघड वेळ. बंद बाटलीत हवा जवळजवळ पूर्ण दमट असते, त्यामुळे पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रे मिटायला शिकलेली नसतात. अशी पाने उघड्यावर आली की तासाभरात माना टाकतात. अगर धुऊन रोप कोकोपीटमध्ये लावतात, वर प्लास्टिकचे झाकण किंवा धुक्यासारखे पाणी, सावलीची जाळी, आणि तीन-चार आठवड्यांत आर्द्रता टप्प्याटप्प्याने उतरवत नेतात. यात संजीवकाचे काही काम नाही. फक्त सबुरी लागते.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. जळगावची केळी टिश्यू कल्चरवर गेली, मग नाशिकचे द्राक्ष का गेले नाही? केळीचा मुनवा बोजड असतो, एका झाडापासून थोडेच मिळतात आणि त्यातून सूत्रकृमी व रोग येतात; म्हणून प्रयोगशाळेतले रोप तिथे परवडले. द्राक्षात एका वेलीच्या छाटणीतून ढीगभर काड्या निघतात. खुंट आधी बागेत लावून त्यावर जागेवरच पाचर कलम करण्याची आपली पद्धत स्वस्त आणि हातात बसलेली आहे. त्यामुळे नुसत्या संख्येसाठी द्राक्षाला बाटलीची गरज नाही. गरज आहे ती स्वच्छ मातृवेलीसाठी. नेमकी तीच आपल्याकडे सर्वांत कमी आहे.

स्वच्छतेचा मार्गही मोरेल यांनीच दाखवला. १९५२ मध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी विषाणू लागलेल्या डालियाच्या शेंड्यातले सूक्ष्म टोक कापून काचेत वाढवले आणि विषाणूमुक्त झाड मिळवले. शेंड्याच्या अगदी टोकाशी रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, पेशी झपाट्याने विभागत असतात आणि त्यांची स्वतःची विषाणूविरोधी यंत्रणाही तिथे जोरात असते. विषाणू तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो. द्राक्षात हे टोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान घ्यावे लागते. ते सूक्ष्मदर्शकाखाली, सुईसारख्या पात्याने कापतात. इतक्या छोट्या तुकड्यात स्वतःचे संजीवक जवळजवळ नसते, म्हणून माध्यमातले बीएपी इथे खरोखर जीवनमरणाचे ठरते. कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाच्या फाउंडेशन प्लांट सर्व्हिसेसने रसेल रँच येथे जो मूळ मळा उभारला, त्यातल्या वेली अशाच सूक्ष्म टोकांपासून वाढवून, विषाणूंच्या चाचण्यांतून पार पडल्यावरच लावल्या आहेत. याच पद्धतीने क्राउन गॉलचा जिवाणूही सुटतो. तो जिवाणू वेलीच्या पेशीत आपली जनुके घुसवतो, त्यांत ऑक्सिन आणि सायटोकायनिन बनवणारी जनुकेही असतात. खोडावर येणारी ती गाठ म्हणजे वेलीनेच, जिवाणूच्या हुकमाने, अंगावर वाढवलेले कॅलस.

टिश्यू कल्चरचा दुसरा मार्ग कॅलसमधून जातो, आणि द्राक्षात तो जपून चालायचा आहे. १९७६ मध्ये सिडनीत मुलिन्स आणि श्रीनिवासन यांनी कॅबरने सोव्हिन्यों या जातीच्या फलन न झालेल्या बीजांडांपासून भ्रूण वाढवले. परागीकरण नाही, बी नाही, तरी बीजातून यावे तसे रोप. १९७९ मध्ये त्याच गटाने दाखवले, की बाटलीतून गेलेल्या जुन्या जातीच्या रोपांत लहानपण परत येते: पाने दोन ओळींऐवजी फिरत्या जिन्यासारखी लागतात आणि बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे, येत नाहीत, अगदी बियांपासून उगवलेल्या रोपासारखे. ही लक्षणे पुढे नाहीशी होतात, पण फळ यायला त्यामुळे उशीर होऊ शकतो.

धोका त्याहून खोल आहे. द्राक्षाच्या शेंड्यात पेशींचे थर असतात आणि काही जातींत वरच्या थराची जनुके आतल्या थरापेक्षा वेगळी असतात. फ्रान्सच्या शॅम्पेनमध्ये वापरली जाणारी पिनो मुनिए ही तशी जात. ऑस्ट्रेलियातल्या पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये जे प्रसिद्ध केले ते विलक्षण आहे. टिश्यू कल्चरमधून मुनिएच्या फक्त बाहेरच्या थरापासून रोप वाढवले, तेव्हा मूळ जातीशी साम्य नसलेली खुजी वेल निघाली, आणि तिला जिथे बाळी यायची तिथे फुलांचे घोस आले. त्या थरातल्या एका जनुकातल्या बदलामुळे वेलीला जिबरेलिन, म्हणजेच जीए, जाणवतच नाही. हरितक्रांतीचा बुटका गहू ज्या जनुकांमुळे बुटका राहिला, हे जनुक त्यांच्याच कुळातले.

आपल्या बागायतदाराला यातला निम्मा भाग अनुभवाने माहीत आहे. घड जिरून बाळी होणे ही त्याची दरवर्षीची धास्ती. काडीतल्या डोळ्यात जो सूक्ष्म कोंब असतो तो घडही होऊ शकतो आणि बाळीही. सायटोकायनिन त्याला घडाकडे नेते, जिबरेलिन बाळीकडे. श्रीनिवासन आणि मुलिन्स यांनी सायटोकायनिन देऊन चक्क बाळीचे फुलघोसात रूपांतर करून दाखवले होते. एप्रिल छाटणीनंतर सिक्स बीए फवारण्यामागे हेच शरीरशास्त्र आहे, आणि जोरकस वाढ रोखायला दिल्या जाणाऱ्या सीसीसीमागेही, कारण सीसीसी वेलीत जिबरेलिन बनू देत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसीचे अंश सापडून माल नाकारला गेला, तेव्हा मात्रेचा हा हिशेब किती महाग पडू शकतो तेही सर्वांनी पाहिले.

मुनिएचा धडा आपल्याला लागू होतो तो असा. सोनाका, तास-ए-गणेश यांसारख्या जाती फांदीतल्या बदलातून आलेल्या आहेत. असा बदल पुष्कळदा शेंड्याच्या एकाच थरात झालेला असतो. काखेतला डोळा फोडून रोप केले तर सगळे थर जसेच्या तसे सोबत येतात. कॅलसमधून केले तर रोप एखाद्याच थरातून उगवू शकते आणि जात हातची जाऊ शकते. शिवाय कॅलसमध्ये फार दिवस राहिलेल्या पेशींत नवे बदल होतात ते वेगळेच. कॅलस आणण्यासाठी २,४-डी हे ऑक्सिन वापरतात; शेजारच्या उसात तणनाशक म्हणून फवारलेल्या टू-फोर-डीचा वाफारा द्राक्षावर आला की पानांचे पंखे होतात, हे कुणाही बागायतदाराला सांगावे लागत नाही. ज्याच्या नुसत्या वाऱ्याने वेल इतकी विकृत होते, ते संजीवक बाटलीत किती जपून वापरायला हवे! नवी जात घडवायची असेल, जनुकांवर काम करायचे असेल, तर कॅलस आणि भ्रूणांचा मार्ग हवाच. शेतकऱ्याला रोप द्यायचे असेल तर तो टाळावा, असे मी ठामपणे म्हणेन.

बिनबियांच्या जातींचा संकर हेही बाटलीचेच काम. थॉम्पसनमध्ये फलन होते, भ्रूण तयार होतो, पण काही आठवड्यांत तो खुंटून जिरतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी संशोधकांनी कोवळ्या मण्यातून बीजांड काढून माध्यमात वाढवले आणि मरू घातलेला भ्रूण वाचवला. त्याआधी बिनबियांची जात संकरात फक्त बाप होऊ शकत होती; आता ती आईही होते.

महाराष्ट्राकडे या कामाची परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, नाडगौडा, पारशरामी आणि मस्कारेन्हस यांनी बाटलीतल्या बांबूला फुले आणली आणि ते १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले, तिथेही माध्यमात सायटोकायनिन आणि नारळपाणी होते. पुण्याजवळच्या मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे १,७६६ कोटी रुपयांचा ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रम मंजूर केला. त्यात नऊ केंद्रे ठरली आणि द्राक्षाचे केंद्र पुण्याला आले. तिथे व्हायचे काम असे: निवडक वेलींची विषाणूंसाठी चाचणी, दूषित निघाल्यास उष्णतेचे उपचार आणि सूक्ष्म टोकाचे संवर्धन, वाढलेल्या रोपांची पुन्हा चाचणी, आणि त्यातून मान्यताप्राप्त रोपवाटिकांना मातृवेली.

खुंटांची निकड सर्वांत मोठी. डॉगरिजची काडी गावोगाव एकमेकांच्या बागेतून जाते आणि कुणी तिची तपासणी करत नाही. कलमाचा डोळा कितीही स्वच्छ आणला, तरी खुंटातला विषाणू कलमाच्या जोडातून वर चढतो. म्हणून बाग लावताना खुंटाचे आणि कलमकाडीचे, दोन्हींचे मूळ विचारायला हवे: मातृवेल कुठली, तिची शेवटची विषाणूचाचणी कधी झाली, आणि टिश्यू कल्चरचे रोप असेल तर ते काखेतल्या डोळ्यापासून वाढवले की कॅलसपासून, आणि किती वेळा सबकल्चर केले. रोपवाटिकेने हे लेखी द्यावे.